पोराला पहिलीला घालायचं कुठं?

"दादा, आज तीन शाळा बघून आलो. डोकं फिरलंय," धाकट्या बहिणीचा फोन. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांनी दचकू नये. आमच्याकडं बायका-पोरी सर्रास 'आलो', 'गेलो', 'जेवलो' म्हणतात. याचा शाळेशी संबंध आहे, पुढं येईलच. बहीण फुलेवाडीला राहते, पोरगा साडेपाच वर्षांचा. पहिल्या शाळेत घसरगुंडी होती आणि भिंतीवर रंगवलेला हत्ती. दुसरीत गुळगुळीत माहितीपत्रक मिळालं, त्यात पोहण्याच्या तलावाचा फोटो. तलाव मात्र पुढच्या वर्षी होणार होता. तिसरीत नवरा-बायको दोघांचं शिक्षण किती ते विचारलं. एवढं सगळं सांगून झाल्यावर तिचा प्रश्न एकच होता, "सीबीएसई का सेमी?"

मी म्हटलं, "घरातनं शाळेत पोचायला किती मिनिटं लागतात ते मोजलंस?"

पलीकडं शांतता.

माझी पोरगी आता तिसरीत आहे. तिच्या वेळी मीही बोर्डावरनंच सुरुवात केली होती, त्यामुळं बहिणीला हसायचा मला अधिकार नाही. घोळ असा होतो की 'शाळा कुठली' या एका प्रश्नात पाच-सहा निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. शाळा चालवतं कोण, बोर्ड कुठलं, माध्यम कुठलं, खर्च किती, लांब किती, आणि वर्गात नेमकं चालतं काय. आपण बोर्डावर रात्री जागवतो आणि वर्गात काय चालतं ते बघायला ऑफिसच्या पुढं पाऊल टाकत नाही. पहिली ते चौथीच्या पोरासाठी मात्र वर्ग, माध्यम आणि अंतर याच गोष्टी जड आहेत, बाकीच्या त्यामानानं हलक्या, असं माझं मत. एकेक सुटं करून बघू.

आधी चालवतं कोण. पाचगाव, कळंबा, उचगाव अशा कडेच्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा, आपल्या भाषेत विद्या मंदिर. शहरात महापालिकेच्या. मग संस्थेच्या पण सरकारी अनुदानावर चालणाऱ्या, ज्यांत शिक्षकांचा पगार सरकार देतं. आणि शेवटी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सगळा खर्च पालकांच्या फीमधून. पहिल्या तीन प्रकारांत आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं फुकट आणि दुपारचा पोषण आहार मिळतो. शेवटच्या प्रकारात डब्यापासून वहीपर्यंत सगळं आपलं आपण.

सरकारी म्हटलं की नाक मुरडायची आपल्याकडं सवय आहे. पण याच शहरात महापालिकेचं जरगनगर विद्यामंदिर आहे, तिथं प्रवेशासाठी पाडव्याला पालकांच्या रांगा लागतात. म्हणजे पाटी कुणाची आहे यावरनं आतला वर्ग कळत नाही, हे लोकांनाही ठाऊक आहे, फक्त आपल्या गल्लीतल्या शाळेच्या बाबतीत ते विसरतात. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड होता. तेव्हा पालकांना शाळेकडं ओढून आणावं लागत होतं. आता आपण पहाटेपासनं रांगेत.

एक साधी गोष्ट याच टप्प्यावर विचारून घ्या: शाळा कितवीपर्यंत आहे? बऱ्याच मराठी प्राथमिक शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपतात. त्यात वाईट काही नाही, फक्त चार नाहीतर सात वर्षांनी हीच वणवण पुन्हा आहे, हे आज माहीत असावं.

आता बोर्ड. बोर्डाची परीक्षा दहावीला असते. पहिलीत बोर्ड म्हणजे अभ्यासक्रम आणि पुस्तकं, एवढंच. राज्य मंडळाच्या शाळेत बालभारतीची पुस्तकं. सीबीएसईच्या शाळेत एनसीईआरटीची किंवा, लहान वर्गांत बऱ्याचदा, खासगी प्रकाशकांची जाडजूड आणि महागडी. २०२५-२६ पासून राज्यातही पहिलीला नवा अभ्यासक्रम आलाय. सहा वर्षांच्या पोरानं अक्षरं, शंभरपर्यंतचे अंक, बेरीज-वजाबाकी, झाडं-पानं हेच शिकायचंय, मग बोर्ड कुठलंही असो. पाचवीत, आठवीत बोर्ड बदलणारी पोरं प्रत्येक गल्लीत सापडतील. त्यामुळं आयआयटीचा विचार पहिलीच्या प्रवेशात आणू नका. तो पोरगा अजून पाण्याच्या बाटलीचं झाकण दुसऱ्याकडनं उघडून घेतोय.

मात्र एक सापळा ओळखा. फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहिलेलं असतं. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. शाळा खरोखर त्या मंडळाशी जोडलेली असेल तर तिला संलग्नता क्रमांक असतो आणि मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव सापडतं. तसाच प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ नं सुरू होतो. दोन्ही क्रमांक ऑफिसात तोंडावर मागा. देणारे लगेच देतात. "साहेब आल्यावर सांगतो" असं उत्तर आलं तर साहेब येईपर्यंत पैसे भरू नका. बालवाडी, नर्सरी, केजीचं तर आणखी वेगळं; नावाजलेल्या नर्सरीत घातलं म्हणजे पहिलीचा प्रवेश पक्का, असं समजून फसलेले लोक मी बघितलेत.

माध्यमावर मात्र थांबून बोलायला हवं.

वाचायला शिकणं म्हणजे काय होतं? पोराला 'पाऊस' हा शब्द कानानं ठाऊक असतो. छत्री, चिखल, आजीची भजी, सगळं त्या शब्दाला चिकटलेलं. आता फक्त पा, ऊ, स या खुणांचे आवाज जुळवायचे, की डोक्यात दिवा लागतो. 'रेन' हा शब्द ज्या घरात कधी उच्चारलाच जात नाही, तिथल्या पोराला दोन कामं एकदम करावी लागतात: खुणा जुळवायच्या आणि जुळल्यावर अर्थ शोधायचा. त्यात इंग्रजीचं स्पेलिंग बेभरवशाचं. 'बट' आणि 'पुट' लिहिताना मधलं अक्षर एकच, आवाज दोन. मराठीत असा दगाफटका फार कमी. म्हणूनच २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतनं शिकवा असं म्हटलंय. यात भाषेच्या अभिमानाचा भाग थोडा, मेंदूवरच्या ओझ्याचा जास्त.

सेमी म्हणजे आपल्या महाराष्ट्राची तडजोड: शाळा मराठी, पण गणित आणि पुढं विज्ञान इंग्रजीतनं. पहिलीत विज्ञान नसतंच, म्हणून पहिलीचं सेमी म्हणजे फक्त गणित इंग्रजीत. काही शाळांत ते पहिलीपासून सुरू होतं, काहींत पाचवीला किंवा आठवीला. हे विचारून घ्यावं लागतं.

माझ्या पोरीचं सेमीच आहे. पहिलीत असताना एक गणित होतं: सीताकडं १२ लिंबं, ५ वापरली, किती 'लेफ्ट'? पोरीनं वहीत काहीच लिहिलं नाही, डावा हात वर करून दाखवला. मी आधी हसलो, मग चपापलो. तिला वजाबाकी येत होती. "आईनं १२ लिंबं आणली, ५ सरबताला पिळली, उरली किती?" म्हटल्यावर तिनं डोळे न मिचकावता ७ सांगितलं. अडलं होतं ते 'लेफ्ट'पाशी. तिच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात असे दहा शब्द मराठीतनं फोडून सांगितले आणि प्रश्न मिटला. दुसऱ्या एखाद्या वर्गात याच पोरीला 'गणितात कच्ची' असा शेरा मिळाला असता.

म्हणून सेमी चांगलं का वाईट, याचं उत्तर त्या बाईंवर अवलंबून आहे. इंग्रजी माध्यमाचंही तसंच. घरात थोडंफार इंग्रजी कानावर पडत असेल आणि शिक्षक खरंच त्या भाषेत पोरांशी गप्पा मारत असतील, तर पोर शिकतं. घरात शून्य आणि वर्गात फळ्यावरचं उतरवून घेणं, एवढंच असेल तर चौथीपर्यंत पोर सुंदर अक्षरात न समजलेलं लिहीत राहतं. मराठीची काळजी करणाऱ्यांना सांगतो, २०२० च्या कायद्यानुसार राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. ते किती मनापासून शिकवतात, ते वह्या बघितल्यावर कळेल.

आता 'आलो-गेलो'कडं येतो. एका शाळेत, नाव लिहीत नाही, प्रवेशाच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या पोरीला विचारलं, "कुणाबरोबर आलीस?" पोरगी म्हणाली, "मी पप्पांसंगं आलो." त्या बाई शेजारणीकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मुलगा आहेस का तू?" पोरगी त्यानंतर तिथं एक शब्द बोलली नाही. तिच्या आजीची, आईची, आत्याची भाषा तीच आहे. शाळेनं प्रमाण भाषा जरूर शिकवावी, तेच तर शाळेचं काम. पण घरची भाषा हसण्यावारी नेणाऱ्या जागी पोरगी सहा-सात तास तोंड मिटून बसणार. आम्ही ती शाळा तिथंच सोडली. फी भरायची वेळ आली नव्हती, हे नशीब.

आता अंतर, जे सगळ्यात कमी विचारलं जातं. शिक्षण हक्काच्या नियमांत प्राथमिक शाळा घरापासनं १ किलोमीटरच्या आत असावी, असं धरलंय. आपण आठ किलोमीटरवरची 'चांगली' शाळा धरतो. समजा, जायला ४० मिनिटं आणि यायला ४०. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलंय. २०० दिवस रोज ८० मिनिटं म्हणजे वर्षाचे २६६ तास रिक्षात. शिकण्याच्या वेळेच्या एक तृतीयांश वेळ पोर मांडीवर दप्तर आणि त्यावर दुसऱ्याचं दप्तर घेऊन सिग्नल मोजणार. दसरा चौकात शाळा सुटायच्या वेळी उभं राहून एकदा त्या रिक्षा बघाच. जवळची शाळा असली की पोर शेजारच्या पोरांबरोबर चालत जातं, संध्याकाळी त्यांच्याशीच खेळतं, आणि ताप आला तर तुम्ही दहा मिनिटांत पोचता. २०२४ पासून राज्यानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलंय. लांबच्या शाळेत त्या सवलतीतला निम्मा वेळ गाडीच खाते.

बस असेल तर नियम आहेत, २०११ चे. शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे प्रमुख. समितीची शेवटची बैठक कधी झाली, एवढं सहज विचारा. चेहरा बोलतो.

पैशाचं थोडक्यात. फीचा आकडा ऐकलात की त्यात बस, पुस्तकं, दोन तऱ्हेचे गणवेश, गॅदरिंग, सहल मिळवा आणि मग पहिली ते दहावी गुणा. पहिलीची फी झेपते म्हणून घातलं आणि पाचवीत ओढाताण सुरू झाली, ही तक्रार राजारामपुरीपासनं कसबा बावड्यापर्यंत ऐकू येते. खासगी शाळांच्या फीसाठी महाराष्ट्रात २०११ चा कायदा आहे. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं यावी लागते आणि एकदा ठरली की दोन वर्षं बदलता येत नाही. ती समिती आहे का, त्यात पालक कोण, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. देणगी घेणं बेकायदा आहे, मग तिला 'इमारत निधी' म्हणोत की आणखी काही. पावती मिळत नसेल तो प्रत्येक रुपया संशयाचा.

आणि शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्क्यांचं विसरू नका. अल्पसंख्याक संस्था सोडल्या तर खासगी विनाअनुदानित शाळांना सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटातल्या मुलांना मोफत द्याव्या लागतात. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीनं. दुर्बल गटासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही. २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून जवळ सरकारी शाळा असलेल्या खासगी शाळांना यातनं सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. सोडतीत बहुतेकांची अडचण एकच होते, कागद. जन्माचा दाखला, रहिवासी पुरावा, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला तारीख जाहीर व्हायच्या आधी हातात ठेवा. सोडत लागल्यावर तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात अर्थ नाही.

वयाचं दोन ओळींत: पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेलं पोर वर्गात सगळ्यात लहान असतं. बटण लावायला, रांगेत टिकायला त्याला वेळ लागतो. पुढच्या वर्षी घातलं तर काही बिघडत नाही. नातेवाईक बोलतील, बोलू द्या.

आता वर्गात काय बघायचं. शाळेच्या गॅदरिंगला किंवा प्रवेशाच्या रविवारी जाऊ नका, कामाच्या दिवशी साडेदहाला जा. आणि पहिलीचा वर्ग बघू नका, तिसरीचा बघा. पहिलीत सगळीच पोरं गोड दिसतात. शाळेनं दोन वर्षांत काय केलं ते तिसरीत दिसतं. देशाच्या 'निपुण भारत' मोहिमेनंही तिसरीअखेर समजून वाचता आणि साधा हिशेब करता यावा, हीच रेघ मारली आहे.

तिसरीच्या चार वह्या मागा. कोपऱ्यातल्या, मागच्या बाकावरच्या. चारही वह्यांत 'माझी आई' हा निबंध शब्दाला शब्द सारखा असेल, चारही आया 'प्रेमळ व कष्टाळू' असतील, तर तो फळ्यावरनं उतरवलाय. एका वहीत 'माझी आई गाडी जोरात पळवती' असं वाकड्या अक्षरात, काना-मात्रा चुकून लिहिलेलं सापडलं आणि खाली बाईंनी चूक दुरुस्त करून 'हेल्मेट घालते का?' असं विचारलेलं असलं, तर त्या वर्गात बिनधास्त घाला. मी असं पान खरंच बघितलंय आणि निर्णय तिथंच झाला.

मग पटसंख्या. शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण पहिली ते पाचवीला ३० मुलांमागं एक शिक्षक. फी घेणाऱ्या शाळेत एका वर्गात ५५ पोरं असतात आणि आपण त्याला 'मागणी' समजतो. उलट वाड्यावस्त्यांवरच्या शाळेत पोरं थोडी, पण दोन शिक्षक मिळून चार इयत्ता सांभाळतात. तिथं शिक्षक कसलेला असेल तर बहर, नसेल तर हाल. शिक्षक किती वर्षं टिकलेत, तेही विचारा. दर जूनला नवे चेहरे असतील तर संस्थेचं काहीतरी हललंय.

मैदान बघा. फुटबॉलसाठी पेठा जागवणाऱ्या या गावात पोरांना पळायला जागा नसलेल्या शाळा निघाव्यात, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. मुलींचं स्वच्छतागृह बघा, दाराला कडी आहे का तेही. नळ सोडून बघा.

फाटकावरच्या शिष्यवृत्तीच्या फ्लेक्सकडं मात्र जपून बघा. कोल्हापूरला या परीक्षेचं वेड आहे आणि गुणवत्ता यादीचा अभिमानही. फ्लेक्सवर दहा फोटो असतात. वर्गात चाळीस असतील तर उरलेल्या तिसांचं काय चाललंय, तुमचं पोर त्यातलं असू शकतं. आणि तिसरीपासनं जादा तास सुरू होतात का, हे कळलं तर संध्याकाळच्या खेळाचं भवितव्यही कळतं.

पोराची किंवा तुमची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवत असतील, तर तेही कायद्यात बसत नाही. त्याला पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. बहिणीला तिसऱ्या शाळेत शिक्षण विचारलं, ते याच खात्यात. मारणं आणि मानसिक त्रास देणं यालाही मनाई आहे. हे विचारायची सरळ रीत म्हणजे, "पोरगं ऐकत नसेल तर काय करता?" उत्तराआधी किती वेळ जातो तो मोजायचा.

हे सगळं बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तू मास्तर व्हायला पाहिजे होतास," आणि ठेवला फोन.

मंगळवारी पुन्हा आला. घराजवळच्या, चालत बारा मिनिटांवरच्या शाळेत गेली होती. तिसरीचे वर्ग मैदानावर होते, म्हणून बाईंनी तिला दुसरीच्या वर्गात मागं बसायला सांगितलं. बाईंनी फळ्यावर २९ लिहिलं. एक पोरगं उठून ठणकावून म्हणालं, "वीस नऊ!" वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे की. वीस आणि नऊच आहेत. तुझी आजी याला काय म्हणती?" पोरगं विचारात पडलं आणि मग म्हणालं, "एकोणतीस. पण आजी चुकती, त्यात तीस कुठं आहे?" मग म्हणे बाईंनी पाच मिनिटं खर्चून तिसाला एक कमी ते एकोणतीस, हे चिंचोके मांडून दाखवलं.

"आणि दुसरी शाळा? तलाववाली?"

"तिथंबी जाऊन आलो. वर्गात सोडत नाहीत, काचेतनं बघा म्हणले."

"मग? ठरलं?"

"ह्यांना तलाववालीच पाहिजे," ती म्हणाली. "उद्या त्यांना साडेदहाला घेऊन जातो, मागच्या बाकावर बसवतो."